नेलाबाईंची रोजनिशी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायकांनी घरच्या आघाडीवर काय केले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: तोफगोळे भरले, शेते नांगरली, रुग्णवाहिका चालवल्या. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातल्या नेला लास्ट या यादीत येतात त्या स्वयंसेविका म्हणून. सुतारकाम करणाऱ्याची बायको, दोन मुलांची आई. महिला स्वयंसेवकांच्या संघटनेच्या केंद्रात शिवण, विक्रीसाठी बाहुल्या, फिरत्या कँटीनवर चहा, पुढे रेडक्रॉसचे दुकान. ‘आणि हो, बाई रोजनिशीही लिहीत’, ही पुस्ती शेवटी जोडतात. हा क्रम उलटा लावायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष कच्चा नाही. वहीने कुणा सैनिकाचे पोट भरले नाही, हे खरेच. पण चहा देणाऱ्या बायका त्या संघटनेत लाखांनी होत्या. एक नेलाबाई नसत्या, तर चहा दुसरीने दिला असता. वही मात्र दुसरीने लिहिली नसती.

1937 मध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही संस्था काढली. आपल्याच देशातल्या सामान्य माणसांचा अभ्यास करायचा, ही तिची कल्पना. युद्धाच्या तोंडावर संस्थेने लोकांना रोजनिशी लिहून पाठवण्याचे आवाहन केले. नेलाबाईंनी वही उघडली आणि आपली ओळख लिहिली: गृहिणी, वय 49. लोकांचे मनोधैर्य टिकून आहे की नाही हे कळावे म्हणून 1940 मध्ये माहिती मंत्रालयही या संस्थेकडून अहवाल घेऊ लागले. नेलाबाईंची पाने वाचून कुण्या मंत्र्याने धोरण बदलले, असा दावा मी करणार नाही. त्याची गरजही नाही.

मे 1941 मध्ये बॅरोवर बाँब पडले. त्यांच्या घराच्या खिडक्या गेल्या, छताचे गिलावे कोसळले, भिंतींना तडे गेले. आता संपलेच, असे वाटले त्या क्षणी मनात काय आले, ते त्यांनी लिहून ठेवले आहे: एक, शांतपणे केलेला मरणाचा स्वीकार, आणि दुसरी हळहळ, की संध्याकाळच्या चहाला फ्रूट सॅलडचा डबा उघडायचा राहून गेला! सरकारी अहवालात हा डबा सापडत नाही. ब्रिटिश माणूस बाँबखाली हसतमुख राहिला, या प्रचारी चित्रातही नाही. भीती आणि काटकसर एकाच डोक्यात एकाच वेळी कशी नांदतात, हे त्या हळहळीतून कळते.

दुसरा आक्षेप अधिक विद्वानांचा आहे: हौसेने लिहिणारी माणसे समाजाचा नमुना ठरत नाहीत. मोजणीपुरते मान्य. पण पाहणी एकदाच प्रश्न विचारते. रोजनिशी तेच मन वर्षानुवर्षे दाखवते, आणि तेही उद्या काय होणार हे ठाऊक नसताना. युद्धाने बायकांना एका झटक्यात मोकळे केले, हे आवडते विधान इथे घासून पाहता येते. केंद्रात हुकमतीने वावरणाऱ्या नेलाबाई घरी अबोल, चिडक्या नवऱ्याची मर्जी सांभाळत होत्या. बायका पँट का घालू लागल्या, याचा उलगडा 1943 मध्ये त्यांना अचानक झाला: हे स्वतःला ठामपणे पुढे करणे आहे. बदल झाला, पण असा, अडखळत. ज्यांना तो केवळ कारखान्याच्या भोंग्याबरोबर झालेला दिसतो, त्यांनी या नोंदी वाचलेल्या नसाव्यात.

युद्ध संपले तरी बाई थांबल्या नाहीत. 1966 पर्यंत लिहीत राहिल्या आणि 1968 मध्ये वारल्या. युद्धकाळातला निवडक भाग 1981 मध्ये छापला गेला. मूळ कागद ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि त्यांना वगळून ब्रिटनच्या घरच्या आघाडीचा इतिहास लिहायला बसणे हे आळसाचे लक्षण आहे.