स्पेशल इतिहास

इतिहास हा विषय मी घेतला, असं म्हणणं म्हणजे इतिहासाचा विपर्यास होईल. तो माझ्या वाट्याला आला. जुन्या अकरावीला गणितात पस्तीस मार्क मिळाले, तेही तपासणाऱ्याच्या मोठ्या मनामुळे. त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअरकीचे दरवाजे बंद झाले आणि कॉमर्सवाल्यांनी खिडकीही लावून घेतली. उरलं आर्ट्स. आर्ट्समध्ये स्पेशल विषय कोणता घ्यायचा हा पुढचा प्रश्न. अर्थशास्त्रात गणित डोकावतं, इंग्रजीत इंग्रजी. मानसशास्त्र घेतलं असतं तर घरच्यांनी आधी मलाच दाखवायला नेलं असतं. अशा रीतीने सगळ्यांनी नाकारलेले आम्ही दोघे, म्हणजे मी आणि इतिहास, एकमेकांच्या गळ्यात पडलो.

वडिलांनी चष्मा काढून विचारलं, "मेलेल्या माणसांची चौकशी करून तुला जिवंतपणी काय मिळणार?" मामा म्हणाला, "असू द्या हो, एखाद्या किल्ल्यावर गाइड तरी होईल." आणि माझा जिवलग मित्र सोलापूरकराला शोभेल अशा प्रेमाने म्हणाला, "का बे, इतिहास कशाला? तू पास झालास तर तोच इतिहास होईल की!"

घरात एकट्या आजीने रस घेतला. तिने विचारलं, "काय शिकवतात रे त्यात?"

"जुन्या गोष्टी," मी म्हटलं.

"मग त्या मला येतात की," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढची सगळी गोष्ट या लक्ष न देण्याचीच आहे.

त्या काळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. पेपर कोल्हापूरहून यायचे, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत आम्ही सिद्धेश्वराबरोबर अंबाबाईलाही नमस्कार करत असू. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. माझा निकाल त्याच्या बराच आधी लागला होता, दोन्ही अर्थांनी.

इतिहास म्हणजे शिवाजी महाराज आणि पानिपत, मध्ये थोडे पेशवे, एवढी माझी कल्पना. प्रत्यक्षात वर्गात शिरल्यावर कळलं की या विषयाला कुंपणच नाही. कुठे हडप्पाची गटारं, कुठे फ्रान्सच्या राजाचं मुंडकं, कुठे बिस्मार्कच्या मिशा. कॉमर्सवाल्यांना एक ताळेबंद जुळला की सुटका असते. आम्हाला मात्र अशोकाचे शिलालेख, अकबराचा महसूल, जपानचं आरमार, झालंच तर मोडी लिपीसुद्धा! मोडीत मी एकदा एक ओळ अर्धा तास खपून लावली. अर्थ निघाला, 'पत्रास कारण की'. कारण काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचे सर मात्र वेगळे होते. सडपातळ, खांद्याला शबनम. एके दिवशी ते वर्गात चक्क चादर घेऊन आले. आम्हाला वाटलं, आता सर आमच्यासारखेच तासाला झोपणार. त्यांनी ती टेबलावर अंथरली आणि विचारलं, "हिच्यात किती इतिहास आहे?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, डबल बेडचा आहे."

हसू ओसरल्यावर सर बोलायला लागले. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली. पुढच्याच वर्षी तिकडे अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. मग १८७६चा दुष्काळ, माणसं पोटासाठी बाहेर पडलेली. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. तेलुगू बोलणारे विणकर आपले माग आणि आपली भाषा घेऊन आले. म्हणून आपण एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत तेलुगू आणि चौथीत उर्दू ऐकतो, आणि चारही गल्ल्यांत 'बे' म्हणतो. "आता सांगा," सर म्हणाले, "हा अर्थशास्त्राचा धडा, भूगोलाचा, भाषेचा, की चादरीचा?" मी त्या रात्री चादर जरा जपून पांघरली. अमेरिकेतली यादवी अंगावर घेऊन झोपायची सवय नव्हती.

सरांना गावाबाहेर जायला आवडत नसे. जग सोलापूरलाच येतं, असं त्यांचं म्हणणं. औरंगजेब शिकवायचा तर ते मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीपासून सुरुवात करत. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं बादशहाची छावणी तिथे भीमेकाठी होती. चार वर्षं मुक्काम करणारा पाहुणा आमच्याही नात्यात एक होता, त्यामुळे मराठ्यांचं दुःख मला चटकन समजलं. चीन सुरू झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, "सर, चीनशी आपला काय संबंध?" सर म्हणाले, "भैय्या चौकात जाऊन या." डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच, जन्म १९१०चा. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्या घरावरून मी रोज सायकलने जात होतो, आणि माओवर मात्र गाइडमधून टिपणं काढत होतो.

सनावळी हा माझा कच्चा भाग. पण एक सन सरांनी असा ठोकून बसवला की आजही हलत नाही, तो म्हणजे १८७१. फळ्यावर एवढाच आकडा लिहून त्यांनी विचारलं, "काय झालं?" पहिल्या बाकाने एका सुरात सांगितलं, "जर्मनीचं एकीकरण!" सर म्हणाले, "छान. आणि सोलापुरात?" आम्ही गप्प. त्याच साली गावाजवळचा एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, बांधून पुरा झाला. आम्ही तिथे सहलीला जात होतो, कांदाभजी खात होतो, पण त्या पाण्याला जन्मसाल असेल हे मनात आलं नव्हतं. "आणि तिसरं?" सरांनी विचारलं. त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला की त्याची जात पाहून त्याला चोर ठरवायचा कायदा! पुढे त्याची व्याप्ती वाढली आणि आपल्या गावात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. कायदा रद्द होऊन ती माणसं मुक्त ठरली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आता आमच्या वर्गात हजेरी हा एक विनोदी कार्यक्रम असायचा. एकेकाने तीन-तीन नंबरांना, तीन वेगळ्या आवाजांत 'यस सर' म्हणायचं. मी स्वतः एका मित्राची हजेरी बायकी आवाजात लावून अडचणीत आलो होतो. त्या दिवशी माझ्या शेजारी बसणारा, कधीही तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, माझ्या आजोबांची रोज हजेरी व्हायची. हजर नसले तर शिक्षा व्हायची." आणि खाली बसला.

वर्गात कुणी हसलं नाही. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. त्याच्या डब्यातली चटणी मी रोज खात होतो. पण त्याच्या आजोबांविषयी मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही माझ्या हजेरीच्या विनोदांना कधी हसून दाद दिली नव्हती. ती का दिली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच तासाला सरांनी गृहपाठ दिला. १९७६च्या जानेवारीतली गोष्ट. बारा जानेवारी जवळ आली होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे सोलापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. सर म्हणाले, "१९३०च्या मे महिन्यात तुमच्या घरात काय चाललं होतं? सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्याच्या शब्दांत लिहा. पुस्तक उघडायचं नाही."

पुस्तकातलं मला माहीत होतं. पाच मेला गांधीजींना अटक, आठ मेला सोलापुरात गोळीबार, मग काही दिवस इंग्रजांचा अंमल गावातून उठलेला आणि बारा मेपासून मार्शल लॉ. लहानपणी मला मार्शल लॉ हे एका गोऱ्या साहेबाचं नाव वाटायचं. मिस्टर मार्शल लॉ, तांबड्या मिशांचे, घोड्यावरून फिरणारे.

संध्याकाळी आजीपुढे वही घेऊन बसलो. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मार्शल लॉ? तेव्हा मी ह्यांची टोपी कणगीत पुरली होती."

आजोबा कुणी पुढारी नव्हते. अडतीच्या दुकानात दिवाणजी होते, जमाखर्च लिहायचे. पण वर्षभरापासून खादीची पांढरी टोपी घालत होते. आणि रस्त्यात तसली टोपी दिसली की सोल्जर धरतात, अशी बातमी शुक्रवार पेठेत आली. आजीने टोपी उचलली आणि ज्वारीच्या कणगीत कोपरभर खाली दाबून टाकली. दोन दिवस आजोबा घरात बसले. तिसऱ्या दिवशी मालकाचं बोलावणं आलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोक्याने बाहेर पडले. समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि पदर डोळ्याला लावून धावत आल्या, "अगंबाई, कोण गेलं हो तुमच्यात?" कारण घरात कुणी गेल्याशिवाय बाप्या माणूस बोडक्याने रस्त्यावर जातो कशाला?

आजी हे सांगताना खूप हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "त्या दिवशी जेवताना ह्यांनी मान वर केली नाही बघ."

एवढ्यात खाली सायकलच्या घंटा वाजल्या. गड्ड्याची यात्रा भरली होती, मौत का कुआँ आला होता आणि मित्र दारात खोळंबले होते. मी वही मिटली. "आजी, बाकीचं उद्या सांग."

उद्या काय, परवासुद्धा विचारलं नाही. वही द्यायचा दिवस आला तेव्हा मनात म्हटलं, टोपी आणि कणगी हा काय इतिहास आहे? युनिव्हर्सिटी काय म्हणेल? गाइड उघडून 'कायदेभंगाची चळवळ : कारणे, स्वरूप व परिणाम' असं दीड पान सुवाच्य अक्षरात उतरवलं. चार ठिकाणी खाली रेघाही मारल्या.

शेजारच्या मुलाला दहापैकी नऊ मिळाले. मला सहा. खाली लाल शाईत सरांनी लिहिलं होतं, 'हे सगळे पुस्तकात आहे. आजी कुठे आहे?'

आजी तेव्हा घरातच होती, शेंगा सोलत. मी ठरवलं, परीक्षा झाली की निवांत बसून सगळं विचारायचं. पण परीक्षेच्या आधीच, चैत्रात आजी गेली. पेपरात मी बिस्मार्कवर पाच पानं लिहिली आणि चांगल्या मार्कांनी पास झालो. मामाचं भविष्य खोटं ठरवून मी सरकारी कचेरीत चिकटलो. तिथे चौतीस वर्षं जुन्या फायली सांभाळल्या, म्हणजे एका अर्थी विषय सोडला नाही.

नोकरीत असताना एकदा हत्तरसंग-कुडलला गेलो. भीमा आणि सीना तिथे एकमेकींना भेटतात. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि तो उजेडात आणला आनंद कुंभार या सोलापूरच्याच संशोधकाने. त्याच्या शेवटी जे कोरलं आहे त्याचा अर्थ असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने दगडाला सांगितलं आणि दगडाने लक्षात ठेवलं. मला तर हाडामासाच्या माणसाने, माझ्याच मराठीत, शेंगा सोलत सांगितलं होतं!

गेल्या उन्हाळ्यात नात पुण्याहून आली. सातवीत आहे. शाळेने प्रकल्प दिलेला, 'आमच्या कुटुंबाचा इतिहास'. तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला, लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "हं, बोला आजोबा." मी टोपीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग टोपी पुढे कणगीतून काढली का?"

"माहीत नाही."

"पणजोबांनी ती परत घातली का?"

"माहीत नाही."

"ते घाबरले होते, की त्यांना राग आला होता?"

"तेही माहीत नाही गं."

तिने मोबाइल थांबवला. "आजोबा, मग तुम्हाला कॉलेजात इतिहासात शिकवलं तरी काय?"

"बिस्मार्क," मी म्हणालो.

संध्याकाळी तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य असं होतं : 'टोपीचे पुढे काय झाले ते कळत नाही, कारण आजोबांना गड्ड्याला जायचे होते.' कारण, स्वरूप आणि परिणाम एका ओळीत! सरांनी दहापैकी दहा दिले असते.

मग मी तिला माझ्या वडिलांची गोष्ट सुरू केली. गिरणीच्या भोंग्यावर ते घड्याळ कसं लावायचे, ती. अर्ध्यावर आलो आणि खालून तिच्या मैत्रिणीने हाक मारली. नात उठली, चप्पल पायात सरकवत म्हणाली, "बाकीचं उद्या सांगा हं, आजोबा."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब. मैत्रिणीलाही वर बोलाव. आत्ताच सांगतो."