धुळाक्षरं आणि पहिला आठवडा

बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इ. स. 1176 चा. अक्षर इतक्या आधी दगडात कोरलं गेलं, पण लेकराचं पहिलं अक्षर पुढे कित्येक पिढ्या धुळीतच उमटत राहिलं. पंतोजीकडे मूल बसलं की पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि त्याचं बोट धरून ‘ओनामासिधं’ गिरवून घ्यायचं. धुळाक्षरं हा शब्द तिथला. मुसलमान घरांत चार वर्षं, चार महिने, चार दिवसांच्या मुलाला बिस्मिल्लासाठी बसवायची चाल होती. दोन्हीकडे आरंभ अक्षराचाच. म्हणून अंगणवाडीच्या पहिल्या आठवड्यात नुसती गाणी, माती आणि खेळ दिसले की ‘शिकवता काय?’ हा पालकांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, त्यामागे मोठी परंपरा उभी आहे. मात्र ती परंपरा नीट वाचली तर खेळाच्याच बाजूने साक्ष देते, असं माझं मत आहे.

धुळीत बोट फिरतं तेव्हा आकार डोळ्यांआधी कातडीला कळतो, आणि चूक तळहाताने पुसली जाते. माँटेसरीबाईंच्या शाळेत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलं बोट फिरवत, त्यामागचा विचारही हाच. कोणी म्हणेल, हे पंतोजीचं उदात्तीकरण झालं. धूळ वापरली ती कागद महाग म्हणून, तिथे छडी होती, आणि मुलींना व दलितांच्या लेकरांना दारही बंद होतं. हे सगळं मान्य. बोटाला मिळणारा अनुभव पंतोजीच्या हेतूवर अवलंबून नव्हता, एवढंच माझं म्हणणं. दार उघडण्याचं श्रेय इतरांचं, आणि त्यात वऱ्हाडशी नातं असलेलं एक नाव आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहिल्या, पुढे राजकोट आणि भावनगरला गेल्या. गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभारला. 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे अक्षराआधी आंघोळ, नखं, केस आणि गाणी आली. महागड्या साधनांच्या जागी बिया, खडे, पानं आली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांत मेळघाटातलं धारणी होतं.

उरतो सर्वांत खरा आक्षेप: शेजारच्या कॉन्व्हेंटमधलं पोर ए-बी-सी म्हणतं, मजुराचं लेकरू मागे राहील. ही भीती मला क्षुल्लक वाटत नाही. पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, नेमक्या पेरणीच्या दिवसांत. माय पहाटेच वावरात गेलेली असते आणि लेकरू परक्या खोलीत रडत बसतं. त्या आठवड्यात त्याच्या हाती पेन्सिल देण्यापेक्षा चिंचोके आणि तुरीचे दाणे वेगळे करायला द्यावेत. सारखं कोणतं, निराळं कोणतं, हे ओळखणं म्हणजे वाचनाची आणि गणिताचीही पूर्वतयारीच. आणि ‘शिकवता काय?’ विचारणाऱ्या मायबापांना ताटात पसरलेली रेती दाखवावी: तीत उभी रेघ, आडवी रेघ, गोल काढणारं बोट, आणि काही महिन्यांनी त्याच रेघांतून जुळून येणारा ‘ग’.