‘ऑटो-दा-फे’

इंग्रजी शब्दकोशात ‘ऑटो-दा-फे’ असा एक परका दिसणारा शब्द आहे. ऑटोरिक्षाशी त्याचे काही नाते नाही. शब्द मूळ पोर्तुगीज. ‘आवतु’ म्हणजे कृती, ‘फॅ’ म्हणजे श्रद्धा. श्रद्धेची कृती! स्पॅनिशमध्येही हा शब्द आहे, पण इंग्रजांनी पोर्तुगीज रूपच उचलले. त्यांच्या लेखी अर्थ एवढाच उरला : पाखंड्याला जिवंत जाळणे. पुस्तकांची होळी केली तरी हाच शब्द. एलियास कानेटीच्या जर्मन कादंबरीत नायक शेवटी आपल्या ग्रंथसंग्रहासह जळतो; १९४६ साली तिचे इंग्रजी भाषांतर याच नावाने आले.

मुळात मात्र त्यात जाळणे नव्हतेच. इन्क्विझिशनच्या कैद्यांना मिरवत इगर्जेत न्यायचे आणि लोकांसमोर त्यांच्या शिक्षा वाचायच्या, एवढाच तो समारंभ. फटके, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती. ज्यांच्या वाट्याला मरण, त्यांना धर्मपीठ स्वतः मारीत नसे; ते त्यांना सरकारच्या स्वाधीन करी, वर दया दाखवण्याची विनंतीही करी. आग पेटायची दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या हातून. कागदोपत्री सगळे स्वच्छ. मला हा शब्द आगीपेक्षा या सोयीमुळे जास्त भयंकर वाटतो.

आपल्याकडे हे १५६० पासून, १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालले. जुन्या गोव्यातला आदिलशाही वाडा हे त्याचे ठाणे. लोक त्याला ‘ओरलें घर’ म्हणत, म्हणजे व्हडलें घर. १७३६ च्या फर्मानाने तर बाटलेल्यांना हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवायलाही बंदी केली!

शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला १६७३ साली दमणात पकडून पुढे गोव्याला आणले. १२ जानेवारी १६७६ रोजी पहाटे मोठी घंटा वाजली आणि कैद्यांची रांग अनवाणी निघाली. कोणाच्या अंगरख्यावर ज्वाळा आणि सैतान चितारलेले आहेत, यावरून कोण मरणार ते कळे. देलोंच्या अंगावर तसले चित्र नव्हते. त्याला पोर्तुगालमध्ये पाच वर्षे गलबतावर सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटल्यावर १६८७ साली त्याने सगळे लिहून काढले, आणि दुसऱ्याच वर्षी ते इंग्रजीत आले.

अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देलोंची ही हकीकत दिली आहे. हाती लागला तर निदान त्या घंटेपासूनचा भाग जरूर वाचा.