बॉम्बे कॅट: नाव मुंबईचं, जन्म अमेरिकेतला आणि रूप थेट ब्लॅक पँथरचं!

‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ खरोखरच मुंबईचा. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच शोधून काढला. ‘बॉम्बे डक’ हे बदक नसून आपला बोंबील, पण तोही मुंबईचाच. मग ‘बॉम्बे कॅट’चं काय?

इन्स्टाग्रामवर काळीकुळकुळीत, तांबूस डोळ्यांची मांजर दिसली की खाली कमेंट हमखास येते, “ही आपल्या मुंबईची ब्रीड आहे ना?” नाव ऐकून तसं वाटणं साहजिक आहे. पण ही मांजर ना गिरगावच्या चाळीत जन्मली, ना दादरच्या मासळी बाजारात वाढली. तिचं जन्मगाव आहे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर.

मग नाव मुंबईचं का? आणि लालबाग-परळच्या गल्लीत दिसणारी काळी मांजर आणि ही बॉम्बे कॅट यांत फरक काय? सविस्तर बघू.

ब्लॅक पँथर घरात पाळायचा होता!

गोष्ट आहे १९५० च्या दशकातली. लुइव्हिलमध्ये निकी हॉर्नर नावाच्या बाई मांजरांची पैदास करायच्या. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. ब्लॅक पँथरसारखी दिसणारी, पण मांडीवर येऊन बसणारी मांजर तयार करायची.

त्यासाठी त्यांनी दोन जाती निवडल्या. एक, गडद तपकिरी रंगाची बर्मीज. या रंगाला ‘सेबल’ म्हणतात. दुसरी, काळ्या रंगाची अमेरिकन शॉर्टहेअर. बर्मीजकडून रेशमासारखी केसांची चमक आणि गोलसर बांधा घ्यायचा, शॉर्टहेअरकडून काळा रंग घ्यायचा, असा हिशोब होता.

सुरुवातीचे प्रयत्न फसले. पिल्लं काळी व्हायची, पण चमक नसायची आणि डोळ्यांचा रंगही हवा तसा यायचा नाही. हॉर्नर यांनी वर्षानुवर्षं जोड्या बदलून पाहिल्या आणि शेवटी मनासारखी मांजर मिळाली. अमेरिकेतल्या ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ने १९७६ साली या जातीला स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला.

ब्रिटनमध्येही बर्मीज आणि तिथल्या काळ्या मांजरींपासून अशीच एक जात तयार झाली. तिलाही बॉम्बेच म्हणतात, पण तिचा वंश वेगळा आहे.

मग नाव ‘बॉम्बे’ कसं पडलं?

भारतातल्या काळ्या बिबट्यावरून. भारत म्हटलं की बॉम्बे हे शहर अमेरिकन माणसाला माहीत होतं, म्हणून नाव ठेवलं बॉम्बे.

गंमत म्हणजे मुंबईकरांच्या ओळखीचा बिबट्या काळा नाहीच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे पिवळसर आणि ठिपक्यांचे आहेत. महाराष्ट्रात काळा बिबट्या फार क्वचित दिसतो. २०१८ साली ताडोबात तो पर्यटकांना दिसला तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती.

मुंबई आणि ब्लॅक पँथर यांचं एक नातं मात्र आहे. ‘जंगल बुक’मधला बगीरा जगाला देणारे रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मले.

१९९५ साली बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं. पण बॉम्बे हायकोर्ट आणि आयआयटी बॉम्बेप्रमाणे मांजरीनेही जुनं नाव सोडलेलं नाही.

आशियाशी काहीच संबंध नाही का?

आहे, पण तो मुंबईपेक्षा रंगूनशी जास्त आहे. बर्मीज जातीची मूळ मादी होती ‘वाँग माऊ’. १९३० साली डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी ती ब्रह्मदेशातून अमेरिकेत आणली. अमेरिकेतली बर्मीज जात तिच्यापासूनच पुढे वाढली. लोकमान्य टिळकांच्या मंडालेमुळे ब्रह्मदेश मराठी माणसाला ठाऊक आहे. बॉम्बे कॅटचं आजोळ त्याच देशात आहे, असं म्हणायला हरकत नाही.

दिसते कशी?

रंग फक्त एकच, काळा. तोही टोकापासून मुळापर्यंत. केस बाजूला करून बघितले तरी आतून काळेच. नाक आणि पंजाच्या गाद्याही काळ्या. केस आखूड, अंगाला चिकटून बसलेले आणि नुकतं पॉलिश केलेल्या बुटासारखे चकचकीत.

डोळे सोनेरी ते तांब्याच्या रंगाचे. नव्या तांब्याच्या नाण्यासारखे, असं त्यांचं वर्णन केलं जातं. डोकं गोलसर, बांधा मध्यम. दिसायला आटोपशीर, पण उचलली की अपेक्षेपेक्षा जड लागते. वजन साधारण ३ ते ५ किलो. मादी थोडी हलकी असते.

पिल्लं मात्र जन्मतःच अशी दिसत नाहीत. त्यांचे डोळे आधी निळे असतात आणि मग हळूहळू रंग बदलतात. केसांनाही पूर्ण काळेपणा यायला बरेच महिने लागतात.

आणखी एक गोष्ट. दोन्ही पालक काळेभोर असूनही एखादं पिल्लू तपकिरी निघू शकतं. आई आणि वडील दोघांच्याही अंगात बर्मीजचा सेबल रंगाचा जनुक लपलेला असेल, तर सरासरी चारातलं एक पिल्लू सेबल होतं.

स्वभाव: पायात पायात करणारी

दिसायला पँथर असली तरी स्वभाव अगदी उलटा. बॉम्बे कॅट माणसाला धरून राहते. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की ती मागे, बाथरूममध्ये गेलात की दाराबाहेर. फेकलेली वस्तू उचलून आणायलाही अनेक बॉम्बे मांजरी शिकतात.

तिला ऊब फार आवडते. मांडी, गादी, खिडकीतलं ऊन, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवरची जागा, सगळं तिचंच. पाहुणे आले तर सहसा लपून बसत नाही, लहान मुलांशीही जमवून घेते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे तिला एकटेपणा सोसत नाही. घरातले सगळे सकाळी लोकल पकडून गेले आणि रात्री नऊला परतले, असं रोज होणार असेल तर ही मांजर कंटाळते, सतत ओरडते. अशा घरात दुसरी मांजर सोबतीला असलेली बरी.

मुंबईच्या हवेचा विचार केला तर आखूड केस तिच्या फायद्याचे आहेत. लांब केसांच्या, चपट्या नाकाच्या पर्शियनला दमट उकाडा जेवढा जड जातो तेवढा हिला जात नाही. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला तरी पुरतं.

तब्येतीचं काय?

नीट सांभाळली तर ती साधारण १२ ते १६ वर्षं जगते. पण एक आनुवंशिक धोका माहीत असायला हवा. अमेरिकन बर्मीजच्या काही वंशांत तोंड आखूड आणि गोल करणारा एक जनुकीय बदल आहे आणि तो बॉम्बेमध्येही आलेला आहे. त्याची एक प्रत असेल तर चेहरा फक्त गोंडस दिसतो. पण आई-वडील दोघांकडूनही तो आला तर पिल्लाच्या कवटीत गंभीर व्यंग होतं आणि ते जगत नाही. यासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. जबाबदार ब्रीडर ती करून मगच जोडी लावतो.

गल्लीतली काळी मांजर म्हणजे बॉम्बे कॅट का?

नाही. खरा घोळ इथेच होतो.

काळा रंग ही जात नाही. जगभरातल्या साध्या मांजरींमध्ये तो आढळतो. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मांजरींचे डोळे हिरवे किंवा पिवळे असतात, अनेकींच्या छातीवर पांढरा ठिपका असतो आणि उन्हात अंगावर फिकट पट्टे किंवा तांबूस झाक दिसते. बॉम्बे कॅटच्या स्पर्धेत पांढरा ठिपका चालत नाही.

पण फक्त दिसण्यावरून खात्री होत नाही. गल्लीतल्या मांजरीचे डोळेही कधी तांबूस निघतात. एखादी मांजर बॉम्बे आहे हे ठरतं ते वंशावळीच्या नोंदीवरून, म्हणजे पेडिग्री सर्टिफिकेटवरून. कोणी काळं पिल्लू ‘बॉम्बे कॅट’ म्हणून विकत असेल तर तीन गोष्टी मागा: मान्यताप्राप्त संस्थेचा कागद, आई-वडिलांना प्रत्यक्ष बघण्याची संधी आणि तपासणीचे रिपोर्ट. यातलं काहीच नसेल, तर तुम्ही साध्या मांजरीसाठी जातिवंत मांजरीचे पैसे मोजत आहात.

पेट शॉपसाठी २०१८ चे केंद्रीय नियमही आहेत. त्यानुसार दुकानाची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

घरी आणण्याआधी

टॉवर असो वा चाळ, खिडक्या आणि गॅलरीला जाळी हवीच. मांजर उंचावरून पडूनही बचावते, या भरवशावर राहू नका. हाडं मोडतात, जीवही जातो. दादरच्या फुलबाजारातून लिली आणत असाल तर ती घरात ठेवू नका, कारण खऱ्या लिलीने मांजरीचं मूत्रपिंड निकामी होतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. मांजरीसाठी ते विष आहे.

उपचारासाठी मध्य मुंबईतलं जुनं ठिकाण म्हणजे परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. १८८० च्या दशकापासून सुरू असलेल्या या रुग्णालयाला जुने परळकर आजही ‘बैलघोडा’ म्हणूनच ओळखतात. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आणि हो, काळी मांजर आडवी गेली म्हणून चार पावलं मागे जाणारे लोक आजही आहेत. या समजुतीला कसलाही आधार नाही, पण त्यापायी काळ्या पिल्लांना हाकललं जातं आणि घरात घ्यायला लोक कचरतात. एकीकडे त्याच रंगाची मांजर घडवायला अमेरिकेत एका बाईने अनेक वर्षं घालवली आणि तिला आपल्या शहराचं नाव दिलं. तुम्हाला पेडिग्रीचा कागद आणि स्पर्धा नको असतील, फक्त मांडीवर येऊन बसणारा छोटा पँथर हवा असेल, तर तो कदाचित तुमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली बसलेला असेल. त्याला लस द्या, नसबंदी करा आणि घरी आणा.