दंड कुणाच्या हाती?

अकोला जिल्ह्यात, अकोटच्या पश्चिमेला, अडगाव नावाचे गाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्याच्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि मेजर-जनरल आर्थर वेलस्लीची फौज समोरासमोर आली. भोसल्यांकडचे सेनापतित्व रघूजी (दुसरे) यांचे बंधू व्यंकोजी यांच्याकडे होते. पराभव मराठ्यांचा झाला. १५ डिसेंबरला मेळघाटाच्या माथ्यावरचा गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग कामी आला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघूजींच्या हातून सुटून निजामाकडे गेला.

वऱ्हाडी माणसाला हा इतिहास थोडाफार ठाऊक असतो. याच वेलस्लीच्या हाती दहा वर्षांनी काय आले, ते मात्र सहसा सांगितले जात नाही. २१ जून १८१३ रोजी स्पेनमधील व्हिटोरियाच्या लढाईत त्याने फ्रेंचांचा पराभव केला. पळापळीत मार्शल झूर्दाँचा मानदंड इंग्रज शिपायांच्या हाती लागला. त्याची सोन्याची टोके एका घोडेस्वाराने आधीच लांबवली होती! उरलेला दंड वेलस्लीने, म्हणजे तोवर वेलिंग्टन झालेल्या सेनापतीने, इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटला नजर केला. रीजंटने उत्तरादाखल त्याला इंग्लंडचा दंड देऊ केला, म्हणजेच फील्डमार्शल केले. गंमत अशी, की फील्डमार्शलचे पद इंग्लंडात १७३६ पासून होते, पण त्या पदाच्या दंडाची ठरलेली घडण नव्हती. ती आता ठरवावी लागली. तांबड्या मखमलीवर सोन्याचे सिंह आणि टोकाला अजगराला मारणारा संत जॉर्ज, हे रूप पुढे कायम झाले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे चिन्ह पाहून आपले चिन्ह घडवले.

युरोपातील या दंडाचे वैशिष्ट्य हे, की तो सेनापती स्वतः धरतो. चित्रात तो कमरेवर टेकवतो, रणांगणाकडे रोखतो. मराठी राज्यात अशी रीत रूढ नव्हती. इथे अधिकाराची ओळख वस्त्रे, शिक्के, कट्यार, जरीपटका, नौबत यांनी पटत असे. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हे टिपून ठेवली आहेत. एका बाजूला मोठ्या दातांच्या माशांची दोन सुवर्णमस्तके होती. दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल लटकणारा सोन्याचा तराजू होता. भाले होते, पण राजाच्या हातात नव्हते. पुढच्या काळातही दरबारात काठी दिसे ती चोपदाराच्या हातात. मोगल दरबारात गुर्ज धरणारे गुर्जबर्दार असत. प्राचीन रोममध्येही कॉन्सलपुढे काठ्यांची मोळी घेऊन चालत ते त्याचे सेवकच.

हा भेद केवळ शिष्टाचाराचा आहे, असे मला वाटत नाही. स्वतःच्या हातातला दंड सांगतो, ‘ही सत्ता माझी आहे.’ सेवकाच्या हातातला दंड सांगतो, ‘मागून कुणीतरी येत आहे.’ पहिल्यात अधिकार माणसाच्या मुठीत असतो. दुसऱ्यात तो माणसापुढे चार पावले चालतो. म्हणूनच तो माणसापासून सुटाही होऊ शकतो, आणि वऱ्हाडच्या बाबतीत नेमके तेच घडले.

भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेबसुभा’ हा छत्रपती शाहूंकडून आलेला. देवगावच्या तहात वऱ्हाड काढून घेताना इंग्रजांनी रघूजींचा उल्लेख याच किताबाने केला आहे. सुभा गेला, ‘सेनासाहेबसुभा’ राहिला. पराभूताचा मुलूख घ्यावा आणि मान त्याच्यापाशी राहू द्यावा, हे पुढच्या दीडशे वर्षांचे धोरण या एका कागदात वाचता येते.

वऱ्हाडने हा खेळ आणखी एकदा पाहिला. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. आणि १९३६ च्या करारान्वये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला आणि वऱ्हाडात निजामाचा ध्वज ब्रिटिश ध्वजाशेजारी फडकवण्याची मुभाही मिळाली. अमरावतीच्या कचेरीतला कारभार मात्र नागपूरच्या गव्हर्नरच्या हुकमाने चाले. निजामाच्या वारसाला वऱ्हाडचे नाव लाभले, वऱ्हाड लाभला नाही.

मग मानदंड ही निव्वळ शोभेची वस्तू समजायची का? तसे म्हणता येणार नाही, कारण चिन्हाला बळ देणारा कुणी असेल तर साधी काठीही पुरते. १८०३ मध्ये हरलेले दुसरे मराठी संस्थान शिंद्यांचे. त्यांचा तहही वऱ्हाडातच, सुर्जी-अंजनगावला, ३० डिसेंबरला झाला. याच शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. दिंड्यांचे क्रम, घोडे, तळ, नगारा, चोपदार हे सारे लष्करी तळाची आठवण करून देणारे आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकाएकी थांबतात. त्या दंडामागे तोफ नाही, तुरुंग नाही. ऐकणाऱ्यांनी तो मानलेला आहे, एवढेच त्याचे बळ. रणांगणावर हरलेली शिस्त अशी वारीत टिकून राहिली.

स्वतंत्र भारताने मात्र इंग्रजी वळणाचा दंड ठेवून घेतला. माणेकशा यांना १९७३ मध्ये आणि करिअप्पा यांना १९८६ मध्ये फील्डमार्शलपद मिळाले, अर्जन सिंग २००२ मध्ये हवाई दलाचे मार्शल झाले. या तिघांच्याही हाती दंड आला. फील्डमार्शल निवृत्त होत नाही, म्हणून हा मान आमरण असतो. आज त्या तिघांपैकी कुणीही हयात नाही. जुलै २०२३ मध्ये भारतीय नौदलाने अधिकाऱ्यांनी हाती छडी बाळगण्याची पद्धत वसाहतकाळाचा वारसा म्हणून बंद केली. त्याच आदेशात असेही ठरले, की प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक समारंभी दंड असावा आणि अधिकारबदलाच्या वेळी तो तिथेच नव्या प्रमुखाच्या हाती द्यावा.

या आदेशाला कुणी अर्धवट म्हणेल. मला तो विचारपूर्वक वाटतो. मिरवण्याची काठी गेली, सोपवण्याची राहिली. सोपवायची वस्तू मुळात आपली नसते, ती पदाची असते, आणि घेणाऱ्यालाही ती पुढे कुणाला तरी द्यायचीच असते. वऱ्हाड मात्र १८०३ पासून या हातातून त्या हातात सोपवला गेला तो वस्तूसारखाच. किताब वाटले गेले, ध्वज शेजारी शेजारी लागले, आणि इथल्या रयतेला कुणी काही विचारले नाही.