मद्रासची पंगत

परमुलखात बदली झालेल्या अधिकाऱ्याचे बिऱ्हाड मागाहून येते, आणि तोवर महिना-दोन महिने त्याला बाहेरच्या अन्नावर काढावे लागतात. मद्रासला, म्हणजे १९९६ पासूनच्या चेन्नईला, येणाऱ्या माणसाला या काळाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पहाटे वाफाळलेली इडली, दुपारी केळीच्या पानावर भात, तिसऱ्या प्रहरी डोसा नि पितळी पेल्यातली काफी, आणि हे सारे पायी चालण्याच्या अंतरावर. येथील सहकारी तर या बाबतीत आपापल्या पेठेचा अभिमान बाळगतात. मैलापूरचा मनुष्य रायर कॅफेचे नाव घेईल, ट्रिप्लिकेनचा १९४८ पासून चाललेल्या रत्ना कॅफेचे, जेथे इडली सांबाराबरोबर येत नाही, सांबारात बुडून येते. परंतु हे सुख या शहराला फार जुने नाही. चारचौघांत बसून, विकत घेतलेले शिजलेले अन्न खाणे, ही गोष्ट येथे रुजायला बराच काळ लागला, आणि कोणी कोणाशेजारी बसावे हा वाद मिटायला त्याहून अधिक.

इंग्रजांनी १६३९ साली येथे पाय रोवला. या शहराशी मराठ्यांचा खाण्यापिण्याच्या निमित्ताने आलेला एक जुना संबंध मोठा मौजेचा आहे. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांचा तळ मद्रासच्या आसपास पडला असता त्यांच्याकडून सेंट जॉर्ज किल्ल्यावर जासूद गेला. मागणी तोफांची नव्हे, तर शक्तिवर्धक औषधांची आणि विषावरील उताऱ्यांची होती. किल्ल्यातील मंडळींनी दाम न घेता माल पाठविला, वर फळेही धाडली. पाहुणा बलाढ्य असला की आतिथ्य आपोआप सुचते, हा अनुभव इंग्रजांनाही होता म्हणायचा.

सामान्य वाटसरूला मात्र असले आतिथ्य कोठून मिळणार? एकोणिसाव्या शतकात मद्रासला आलेल्या हिंदू प्रवाशाने जेवावे कोठे, तर नातलगाच्या घरी, देवळात किंवा छत्रात. तंजावरच्या भोसल्यांनी उभारलेली छत्रे त्या प्रांतात प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबा छत्र त्यांतील एक. तेथे अन्न होते, पण ते दानाचे. पैसे मोजून शिजलेला भात घेणे हे सोवळ्याच्या माणसाला कमीपणाचे वाटे. कारण भात शिजवणारा कोण आणि पाहणारा कोण, याचा हिशेब पैशाने चुकता होत नसे.

ही भिंत प्रथम फोडली ती भाताने नव्हे, काफीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ मध्यमवर्गात काफीचे वेड शिरले. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी या व्यसनाचा इतिहास मोठ्या रसिकतेने लिहिला आहे. काफी विकणाऱ्या दुकानांना लोक 'काफी क्लब' म्हणू लागले. क्लब हा शब्द गोऱ्यांचा, प्रवेशाची अट आपली. चालविणारा ब्राह्मण, रांधणारा ब्राह्मण, आणि पुष्कळ ठिकाणी ब्राह्मणांसाठी निराळी बैठक. पाटीवर तशी अक्षरेच रंगवलेली असत. त्यावाचून गिऱ्हाईक आत पाऊल टाकीत नसे, हे मालकांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते; पण व्यवहाराला धरून असलेली प्रत्येक गोष्ट न्यायाला धरून असतेच असे नाही. या बाबतीत आपणही मद्रासकडे बोट दाखवू नये. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला, एवढ्यावरून रानडे-टिळकांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते.

या पार्श्वभूमीवर उडुपीची माणसे मद्रासला आली. त्यांच्या येण्याला भूगोलाचेही साहाय्य होते. उडुपी ज्या दक्षिण कानडा जिल्ह्यात, तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मद्रास इलाख्याचाच भाग होता. राजधानीत नशीब काढायला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हे. मध्वाचार्यांच्या परंपरेतील अष्टमठांच्या स्वयंपाकघरांत शेकडोंची पंगत उठविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली होती, आणि घरची शेती तुटपुंजी होती. तेव्हा पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या पोरसवदा मुलांचा ओघ सुरू झाला. त्यांतील एक कडंदळे गावचे के. कृष्णराव. जॉर्ज टाउनमधील एका लहान उपाहारगृहापासून माउंट रोडपर्यंत ते चढत गेले आणि १९३८ साली त्यांनी रायपेटेत रामनाडच्या राजांचा बंगला भाड्याने घेऊन राहण्या-जेवण्याची सोय केली. त्या बंगल्याचे नाव वुडलँड्स. भाड्याच्या घराचे इंग्रजी नाव पुढे दक्षिणी शाकाहाराचे बिरुद होऊन बसले. कृष्णरावांचे वैशिष्ट्य मला वाटते ते हे की, त्यांनी मठाची स्वच्छता ठेवली आणि मठाचा उंबरठा तेवढा काढून टाकला. टेबलखुर्ची, ठरलेले दर, झटपट वाढणी. आत येणाऱ्याला कूळ विचारण्यास सवडच नाही. मुंबईतही हीच कथा थोड्या अंतराने घडली. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे.

वुडलँड्सची सर्वांत लाडकी शाखा १९६२ साली कॅथीड्रल रोडवर, कृषि-उद्यान संस्थेच्या जागेत, झाडांच्या सावलीत उघडली. मोटारीत बसल्या बसल्या खाण्याची ती जागा. वाढपी खिडकीला तबक अडकवी, आणि मोटार नसलेले विद्यार्थी, लेखक, औषधविक्रेते आत तासन्‌तास एका काफीवर बसत. कोणी उठवीत नसे. जमीन सरकारकडे गेल्याने २००८ साली ती बंद झाली, आणि २०१० पासून तेथे सेम्मोळी पूंगा नावाचे उद्यान आहे. उद्यान सुरेख आहे. पण जुना मद्रासी त्याच्याकडे पाहून सुस्कारा टाकल्यावाचून राहत नाही.

उंबरठा मात्र सगळीकडे आपण होऊन गेला नाही, तो काढावा लागला. स्थानकांवरील उपाहारगृहांत ब्राह्मणांची व इतरांची बसण्याची जागा वेगळी असे. ज्या कंपनीच्या नावातच 'मद्रास अँड सदर्न मराठा' अशी दोन मुलखांची सांगड होती, तिच्या मार्गावरही हा पंक्तिभेद चालू होता. पेरियार ई. वे. रामसामी यांच्या चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९४१ साली रेल्वेतील ही विभागणी गेली. १९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांस खुली असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. तरी पाट्या राहिल्याच. १९५७ साली ट्रिप्लिकेनमधील मुरली कॅफेच्या पाटीवरील 'ब्राह्मण' या शब्दावरून पेरियारांच्या अनुयायांनी दारात निदर्शने आरंभिली. ती महिनोन्‌महिने चालली, स्वयंसेवक रोज येत आणि रोज पकडले जात. अखेर तो शब्द पाटीवरून उतरला. एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्या काळी पुष्कळ सुशिक्षितांनी म्हटले असेल. पण पाटीवरचा शब्द आत बसलेल्यासाठी नसतो. तो रस्त्यावरून जाणाऱ्याला उद्देशून असतो.

सामिष भोजनगृहांना दक्षिणेत 'मिलिटरी हॉटेल' म्हणतात, आणि त्यांच्याकडे उच्चभ्रू लेखणी सहसा वळत नाही. माउंट रोडवरील बुहारी (१९५१) हे मात्र सर्वांस ठाऊक आहे. 'चिकन ६५' हा पदार्थ १९६५ साली आपल्याकडेच जन्मला असा त्यांचा दावा आहे. बंदराजवळ ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेला 'अत्तो' हा शेवयांचा प्रकारही एकदा चाखून पाहण्याजोगा.

१९८१ साली के. के. नगरात पी. राजगोपाल यांनी सरवण भवन काढले, तेव्हा एक चक्र पुरे झाले म्हणावे लागेल. राजगोपाल नाडर समाजातले. या समाजाला विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत तमिळ देशातील मोठमोठ्या देवळांत प्रवेश नव्हता. त्यांच्या मालकीच्या मुदपाकातील इडली मैलापूरच्या अग्रहारातील मंडळी रांग लावून खाऊ लागली. १९५७ च्या पाटीनंतर अवघ्या चोवीस वर्षांत. पुढे २०१३ साली महानगरपालिकेने 'अम्मा उणवगम' सुरू केले: इडली एक रुपया, सांबारभात पाच, दहीभात तीन. तेथे जात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न खिशाचा होता, आणि तो तेवढ्यापुरता सुटला.

आता सांबाराविषयी दोन शब्द, कारण मराठी मंडळी जमली की हा विषय निघतोच. तंजावरच्या शहाजी राजांकडे संभाजी महाराज पाहुणे आले, आमसुले संपली होती, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला सांबार म्हटले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण समकालीन कागदाचा तिला आधार नाही. 'संभार' म्हणजे साहित्याची जुळवाजुळव, मसाला, हा संस्कृत शब्द त्याहून कितीतरी जुना. आणि विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ऐकीव अभिमानासाठी एवढे श्रम घेण्याची गरजही नाही, कारण खरा पुरावा तमिळ पानावरच वाढलेला आहे. तंजावरी घरांतील 'रसवांगी' मधील वांगे आपले आहे, कारल्याच्या 'पिटलै'त आपले पिठले ओळखू येते, 'कोसुमल्ली' ही कोशिंबीर आणि 'डांगर पच्चडी' हे डांगर. सरफोजी राजांच्या नावाने ओळखले जाणारे 'शरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात होते. ते आता छापूनही निघाले आहे. पश्चिम मांबळमला गेल्यास तव्यावर तुपात भाजलेली 'बोळी' अवश्य मागावी. विकणारा मनुष्य तमिळ असेल आणि तंजावरच्या भोसल्यांचे नाव त्याला ठाऊक असेल-नसेल. पण आतल्या सारणाला तोही 'पूरणम्'च म्हणतो.