वन्य पर्वतप्रदेशांतील खनिज सर्वेक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने सु. ३७ लाख हेक्टर वनभूमी, मुख्यतः पर्वतीय, नैसर्गिक स्थितीत राखण्यात आली. तथापि खाणव्यवसायाच्या आग्रहामुळे तेथे नवे खाणहक्क नोंदविण्यास १९८३ अखेरपर्यंत मुभा होती. दरम्यान तेथील खनिजांचे सर्वेक्षण करण्याची तरतूदही अधिनियमात होती. त्यानुसार भूवैज्ञानिकांनी खडकांचे नकाशे तयार केले व ओढ्यांतील गाळाचे रासायनिक विश्लेषण केले; खाण विभागाने जुन्या खाणी तपासल्या. वॉशिंग्टन राज्यातील ग्लेशियर पीक प्रदेशात तांब्याचा मोठा साठा ज्ञात होता. परंतु तीव्र लोकविरोध झालेली तेथील उघड्या खाणीची योजना प्रत्यक्षात आली नाही. साठा किती, हे सर्वेक्षणाने सांगता येते. तो काढावा की नाही, हे मात्र समाजालाच ठरवावे लागते.